गळ्यातली टेप

"आई, एकच लक्षात ठेवायचं. तुम्हाला यातलं काहीही माहीत नाही."

सूनबाई मला हे सकाळपासून सांगत होती. बसमध्ये सांगितलं, बसमधून उतरल्यावर सांगितलं, आणि आता विद्यापीठाच्या त्या लांबलचक व्हरांड्यात बाकावर बसल्यावर परत सांगत होती. समोर एक बंद दार होतं. त्याच्या आत कुणीतरी कुणाला तरी काहीतरी शिकवत होतं.

"कळलं," मी म्हणाले.

"मी विचारलं की 'नाही माहीत' म्हणायचं. मग मी समजावणार. मग परत विचारणार, तेव्हा उत्तर द्यायचं. आधी नाही."

"अगं, कळलं म्हटलं ना! एवढ्या वेळात दोन शर्टांच्या बाह्या जोडून झाल्या असत्या माझ्या."

तिच्या मांडीवर पिशवी होती, पिशवीत एक चेंडू आणि एक बॅटरी. पिशवीचा बंद ती बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती. बोटाचं टोक पांढरं पडलं होतं.

घाबरण्यासारखंच होतं म्हणा. शिक्षक व्हायचं तर या विद्यापीठाचा कोर्स करायला लागतो, आणि त्या कोर्सला जागा थोड्या, अर्ज ढीगभर. गेल्या वर्षी ती लेखी परीक्षेत वर आली आणि मुलाखतीत पडली. एका सरांनी म्हणे तोंडावर सांगितलं, "बाई, तुमचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचत नाही." घरी येऊन तिनं ते सांगितलं तेव्हा मी म्हणाले, "पोचेल कसा? या घरात एकाच आवाजापुरती जागा आहे, आणि ती मी अडवून बसलेय." माझा मुलगा हसला. ती हसली नाही.

यंदा शेवटचं. पुढच्या वर्षी तिचं वय बसणार नव्हतं. आणि यंदा विद्यापीठानं नवीनच टूम काढली होती. प्रत्येक उमेदवारानं आपला एक विद्यार्थी बरोबर आणायचा. पोर नको, मोठा माणूस हवा. त्याला न येणारी एक गोष्ट परीक्षकांसमोर शिकवून दाखवायची.

आमचं शाळेच्या गणवेशांचं दुकान. पुढे दुकान, मागे घर. मी बेतते आणि शिवते, सून काज-बटण आणि इस्त्री बघते. मुलगा लांबच्या रूटची बस चालवतो, त्यामुळे तो घरी असला तर झोपलेला असतो. सूनबाईनं पाठ निवडला तो चंद्राचा. चंद्र रोज वेगळा का दिसतो. आणि त्याची तालीम ती करायची दुकानातल्या पुतळ्यासमोर, आम्ही कपडे चढवून बघतो त्या. मुंडकं नसलेल्या पुतळ्याला ती हातात चेंडू धरून चंद्र समजावून सांगायची. इतका गुणी विद्यार्थी शोधून सापडायचा नाही. प्रश्न विचारत नाही, जांभई देत नाही, मान तर हलवूच शकत नाही.

मी मशीनवर असायचे. कान काही मशीनला बांधलेले नसतात. ऐकून ऐकून मला सगळं पाठ झालं.

खरं तर तिचा विद्यार्थी ठरली होती शेजारची लाँड्रीवाली. तिला आकाशात चंद्र आहे एवढंच माहीत होतं, त्यामुळे ती अगदी योग्य होती. पण आदल्या दिवशी ओल्या चादरींचं बोचकं उचलताना तिच्या पाठीत उसण भरली आणि ती आडवी झाली. सून भिंतीला टेकून उभी राहिली. चेहरा नुसता रंग उडालेल्या कापडासारखा.

"मी येते," मी म्हणाले.

"तुम्ही?" तिनं असं विचारलं की जणू मी तिच्याबरोबर विहिरीत उडी मारायला निघालेय.

मुलगा अंथरुणातूनच म्हणाला, "आई, तुला 'माहीत नाही' म्हणता येतं का? मी तरी कधी ऐकलेलं नाही."

"न यायला काय झालं? दोनच शब्द आहेत."

सकाळी निघताना घाईच झाली. एक कॉलर अर्धी राहिली होती, ती संपवून मी तशीच शाल पांघरून उठले. बसमध्ये सूनबाई हळूच म्हणाली, "आई, टेप."

गळ्यात मापाची टेप तशीच होती.

"असू दे. ती काढली की मला थंडी वाजते."

माझ्या टेपला घरात कुणी हात लावत नाही, हे तिला पहिल्या आठवड्यातच कळलेलं होतं.

व्हरांड्यात आमच्या शेजारी एक बाई आपल्या दिराला घेऊन बसली होती. दीर सारखा विचारत होता, "वहिनी, चहा कधी?" ती म्हणत होती, "भाऊजी, आधी शिका, मग चहा." मला बरं वाटलं. म्हणजे आमच्यापेक्षा वाईट अवस्थेतली माणसंही होती.

"आई, पावणेअकरा झाले," सून म्हणाली. "आता यांच्यानंतर आपणच."

ही तिची जुनी खोड. कुणी विचारो न विचारो, वेळ सांगत फिरायची. भांडी घासता घासता म्हणायची, "आई, सव्वानऊ." काज करता करता, "आई, पाच कमी बारा." मी एकदा चारचौघांत म्हणाले होते, "मी घरात सून आणली की कोंबडा?" सगळे हसले होते. तिनं आरवणं मात्र सोडलं नाही. आणि माझ्या मनगटावर तर ह्यांचं घड्याळ. ते गेल्यापासून मी ते घालते. पट्ट्याला स्वतः एक जादा भोक पाडून घेतलंय. गिऱ्हाइकं म्हणतात, "मावशी, केवढं मोठं घड्याळ बाईमाणसाच्या हातात!" मी म्हणते, "कामही तेवढंच मोठं आहे माझं."

दार उघडलं. आतून एक मुलगी बाहेर आली, मागून तिचे वडील. मुलीचे डोळे लाल. वडील मात्र खुशीत. "काय गं, बरोबर केलं ना मी?" ते मोठ्यानं विचारत होते. "शेवटपर्यंत मला काही म्हणजे काही कळलं नाही!"

सूनबाईनं माझा हात धरला. ती पटकन म्हणाली, "सॉरी," आणि हात सोडला.

मग दीर-वहिनी आत गेले, आले, आणि आम्हाला हाक आली.

खोली वर्गासारखीच होती. फळा, टेबल, बाकं. मधोमध पांढऱ्या केसांच्या एक बाई बसल्या होत्या, त्यांच्या शेजारी एक गृहस्थ नुसतंच लिहीत होते. तिसरे, चष्मेवाले, आम्हाला बघून उठले आणि मुद्दाम मागे जाऊन शेवटच्या बाकावर बसले. सुनेचा चेहरा बघितला आणि मला न सांगता कळलं. हेच ते गेल्या वर्षीचे सर.

"सुरू करा," पांढऱ्या केसांच्या बाई म्हणाल्या.

सुनेनं बॅटरी काढली. ती टेबलावर ठेवताना दोनदा पडली. चेंडू हातात घेऊन ती बोलायला लागली, पण तो आवाज! पुतळ्याशी बोलते त्याच्या निम्मासुद्धा नाही. मागच्या सरांनी हात कानामागे धरला. मला वाटलं, जावं आणि तो हात खाली करावा.

"आई," सूनबाई म्हणाली, "चंद्र रोज वेगळा का दिसतो, सांगता येईल तुम्हाला?"

मी दोन्ही हात शालीत घट्ट धरले. "नाही माहीत," मी म्हणाले.

म्हणाले एकदाची. खडा गिळावा तसं. सुनेनं श्वास सोडला. तिचा आवाज चिमूटभर वाढला. मला वाटलं, जमतंय, निभावतंय.

तेवढ्यात मागून ते सर म्हणाले, अगदी मऊ, लहान बाळाशी बोलावं तशा आवाजात, "घाबरू नका हं आजी. तुमच्या वेळी कुठे होतं हे सगळं! पृथ्वी गोल आहे, एवढं तरी ऐकलंय ना कुठे?"

इथं माझं डोकं फिरलं.

"ऐकलंय," मी म्हणाले. "आणि चंद्राला स्वतःचा उजेड चिमूटभरही नाही, तो सगळा सूर्याचा, हेही ऐकलंय. चंद्राचा अर्धा भाग कायम उजळलेलाच असतो. तो आपल्याभोवती फिरतो, म्हणून कधी त्या अर्ध्या भागाची नुसती कड दिसते, कधी अख्खी थाळी. लोक म्हणतात आपल्या पृथ्वीची सावली पडते, म्हणून तो कमी कमी दिसतो. साफ चूक. सावली पडते ती ग्रहणात. आणखी काही विचारायचंय?"

लिहिणाऱ्या गृहस्थांचं पेन थांबलं होतं. सुनेच्या हातात चेंडू तसाच वर धरलेला होता. मग तिनं तो हळूहळू खाली आणला.

तोंडातून गेलेला शब्द काही उसवून काढता येत नाही. शिलाई असती तर दातांनी उसवली असती.

पांढऱ्या केसांच्या बाई हसल्या नाहीत की रागावल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "आजी, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"हिनंच!" मी जोरात म्हणाले. वाटलं, सावरलं.

"म्हणजे घरून शिकवूनच आणलंय." त्या सुनेकडे वळल्या. "हे आम्हाला चालत नाही. माणूस अडतो तेव्हा शिक्षक काय करतो, ते इथं बघायचं असतं. या कुठे अडल्याच नाहीत."

"मॅडम, मी नव्हतं..." सूनबाई म्हणाली आणि थांबली. खरं सांगायचं तर माझ्याकडे बोट दाखवायला लागणार होतं.

बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. "थोडा वेळ आहे अजून. एक करा. यांना खरोखर न येणारी दुसरी एखादी गोष्ट शिकवा. कुठलीही. तुमच्या घरातल्याच आहेत, तुम्हाला माहीत असेल."

सुनेनं माझ्याकडे बघितलं.

तिची नजर आधी माझ्या तोंडावर आली, मग खाली गेली, माझ्या मनगटावर. एक क्षणच. तापलेल्या इस्त्रीला हात लागावा तशी तिनं ती उचलली आणि फळ्याकडे बघितलं.

"मॅडम, आमच्या आईंना सगळं येतं," ती म्हणाली. "मला काही सुचत नाही."

"नीट विचार करा."

"नाही सुचत."

मागच्या सरांनी वही मिटल्याचा आवाज आला.

मी तिथं खुर्चीवर बसलेले आणि माझ्या कानांत नुसतं 'सव्वानऊ, आई' आणि 'पाच कमी बारा, आई' वाजत होतं.

मला घड्याळ कळत नाही. पूर्ण तास कळतो, अर्धा कळतो, मधलं सगळं धुकं. माझी शाळा सुटली तेव्हा मी बोटांवर मोजत होते. आकडे मी पुढे टेपवर शिकले, आणि तिथं चार म्हणजे चारच असतात. घड्याळात काटा चारवर असतो आणि लोक म्हणतात वीस. मी कुणाला विचारलं नाही. ह्यांना माहीत होतं, ते होते तोवर न विचारता सांगायचे. ते गेले तेव्हा मी त्यांचं घड्याळ मनगटावर चढवलं. ज्याच्या हातात घड्याळ आहे, त्याला कुणी विचारत नाही की बाई, तुला वेळ कळते का.

मला वाटत होतं, हे आता जगात कुणालाच ठाऊक नाही. आणि ही बया लग्न होऊन आल्यापासून माझ्या मागे मागे आरवत फिरत होती. चारचौघांत मी तिला कोंबडा म्हणाले, तरी एका शब्दानं बोलली नाही. आत्ताही बोलली नाही. दार तिच्या तोंडावर बंद होत होतं, आणि ही उंबऱ्यात उभी राहून माझी अब्रू झाकत होती.

मी शालीतून हात बाहेर काढला. पट्ट्याचं बक्कल घट्ट बसलं होतं, निघता निघेना. शेवटी निघालं. घड्याळ मी टेबलावर ठेवलं.

"हे शिकव," मी म्हणाले.

"आई, नको."

"शिकव म्हटलं ना. मला मिनिटं वाचता येत नाहीत." मग मागे वळून सरांकडे बघत मी परत म्हणाले, कारण माझा आवाज पोचतो, "घड्याळ येत नाही मला. लिहून घ्या."

सूनबाई घड्याळाकडे बघत उभी राहिली. किती वेळ, देव जाणे. मग तिनं चेंडू आणि बॅटरी पिशवीत टाकली, टेबल मोकळं केलं आणि माझ्यापुढे हात केला.

"आई, टेप द्या."

मी दिली.

"किती इंचांची आहे?"

"हे काय विचारणं झालं? साठ."

"तिची दोन्ही टोकं एकमेकांना लावा. गोल करा."

मी टेबलावर टेप वाकवली, पत्र्याच्या टोकाला टोक लावलं. टेबलभर गोल झाला. तिनं विचारलं, "बटणं आहेत?" माझ्या पाकिटात एकवेळ चिल्लर नसेल, पण बटणं असतातच. शर्टाची पांढरी.

"दर पाच इंचांवर एक ठेवा. मोठ्यानं म्हणत."

"पाच," मी म्हणाले आणि बटण ठेवलं. "दहा. पंधरा. वीस." आणि माझा हात तिथंच राहिला.

"हे कितवं बटण?" तिनं विचारलं.

"चौथं."

"आणि टेपवर?"

"वीस."

मी ह्यांच्या घड्याळाकडे बघितलं. मग टेबलाकडे. मग परत घड्याळाकडे. चार हा बटणाचा नंबर होता, आणि वीस इंच. एवढंच. एवढंच होतं ते! इतकी वर्षं मी साठ गळ्यात घालून फिरत होते.

"पुढे चला," सूनबाई म्हणाली. "थांबू नका."

मी पुढे चालले. बारा बटणं झाली, गोल भरला. तिनं घड्याळाची किल्ली ओढून काटे फिरवले आणि माझ्यासमोर धरलं. "किती वाजले?"

मोठा काटा आठवर होता. मी टेपवर आठवं बटण गाठलं. चाळीस. लहान काटा सहाजवळ. "सहा वाजून चाळीस."

"चुकलं."

हा शब्द मला आमच्या घरात कुणी ऐकवलेला नव्हता. मी मान वर केली. ती माझ्याकडे सरळ बघत होती. तिच्या नजरेत ना भीती होती ना माज. वाकडी शिलाई उसवून परत घालायची असली की मी कापडाकडे बघते, अगदी तशी बघत होती.

"लहान काटा सहाला पोचलाय का?" तिनं विचारलं.

मी नीट बघितलं. "नाही. अलीकडे आहे."

"मग तो कुठलं बटण सोडून आलाय?"

"पाचवं."

"तर?"

"पाच... पाच वाजून चाळीस."

"बरोबर. आता हे."

तिनं परत काटे फिरवले. मी परत चुकले, तिनं परत "चुकलं" म्हटलं, मी परत मोजलं. तिचा आवाज खणखणीत कधी झाला ते मला कळलं नाही. मी चुकण्यात गुंग होते. एकदा मान वळवली तेव्हा दिसलं, मागच्या सरांचा हात कानामागे नव्हता. ते बाकावरून पुढे वाकून टेबलावरची टेप बघत होते.

"तीन बटणं म्हणजे पंधरा," सूनबाई सांगत होती. "त्याला आपण काय म्हणतो?"

"सव्वा."

"धन्यवाद," पांढऱ्या केसांच्या बाई म्हणाल्या. "वेळ संपली."

"थांबा हो बाई," मी म्हणाले. "पावणे राहिलंय अजून!"

बाईंनी मागच्या सरांकडे बघितलं. मग हात पुढे करून म्हणाल्या, "शिकवा पावणे."

आम्ही बाहेर आलो. बटणं मी मोजून घेतली नव्हती, एक आतच राहिलं असणार. व्हरांड्याच्या टोकाला भिंतीवर मोठं घड्याळ होतं. माझ्या हातातल्याचे काटे तर तिनं भलतीकडेच नेऊन ठेवले होते.

"किती वाजले गं?" मी सवयीनं विचारलं.

तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. "तुम्ही सांगा."

मी उभी राहिले. माणसं बाजूनं जात होती. लहान काटा, मोठा काटा, बटणं.

"साडेअकरा वाजून गेलेत," मी म्हणाले. "सात बटणं. अकरा पस्तीस."

"अकरा पस्तीस," ती म्हणाली, आणि तिथंच खांबाला धरून रडायला लागली.

"रड," मी म्हणाले. "पण लवकर आटप. बाराची बस आहे. वेळ मला आता कळते, उगाच फसवायचं नाही."

महिन्याभरानं यादी लागली. तिचं नाव त्यात होतं, बरंच खाली, पण होतं. कोर्स दोन वर्षांचा, तिथंच वसतिगृहात राहायचं. मुलगा म्हणाला, त्याची बस त्याच गावावरून जाते, भेट होत राहील. त्याची होईल. मी काही बसच्या रूटवर नाही.

ती निघाली तेव्हा मी तिच्या बॅगेत वरच्या बाजूला माझी टेप ठेवली. तिनं बघितलं. "आई, तुम्हाला?"

"मी नवी आणलीय. जुनी ताणलीय, मापं चुकतात," मी म्हणाले. टेप काही ताणलेली नव्हती.

आता काज मी स्वतःच करते. नवी टेप कडक आहे, गळ्यात अजून नीट बसत नाही, सारखी घसरते. सकाळी मुलगा झोपलेला असतो. दुकानाचं शटर मी उघडते, पुतळ्यावर कालचा सदरा चढवते आणि मशीनला तेल घालते. मग कधीतरी हात थांबतो. मागच्या खोलीत भांड्यांचा आवाज नसतो.

मी मनगट उजेडात धरते.

"सव्वानऊ," मी म्हणते, मोठ्यानं. घरात वेळ कुणीतरी सांगायला हवी ना.